एक मणाची चिमूट

हस्तलिखित हातात दिलं की मास्टरजी ते आधी वाचत नसत. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्या चिमटीत कागद धरून ते दोनदा वरखाली करत आणि म्हणत, "हलकं आहे."

कागद चार असोत की चाळीस, निकाल तोच. मी नवा होतो तेव्हा मला वाटे, हा माणूस माझ्या विचारांना हलकं म्हणतोय, आणि माझे कान तापत. एकदा मुद्दाम साठ पानांची पुस्तिका नेऊन दिली. त्यांनी ती चिमटीत धरली, भुवया उंचावल्या. मला आशा वाटली. "भिया," ते 'भैया'चं इंदुरी 'भिया' करत म्हणाले, "कागद जाड घेतलाय तुम्ही."

छापखाना राजवाड्यामागच्या एका गल्लीत होता. मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून सगळं इंदूर रुसून बसलेलं, आणि मी मिळेल त्या विषयावर पत्रकं लिहीत सुटलेला. आमच्या घरात पणजोबांची दरबारी पलटणीतली तलवार खुंटीवर आणि वडिलांनी मिलच्या फाटकावर वाटलेली पत्रकं खाटेखाली, अशी वाटणी होती. मी खाटेखालचं वाचून मोठा झालो. त्यामुळे छापखान्यात माझी ये-जा रोजची. मास्टरजी मला नावानं हाक मारत नसत. "या परचेवाले, आज कुणाचा नंबर?" असं विचारत.

ते तिथले कंपोझिटर. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणं हे त्यांचं काम, तीस वर्षांचं. पन्नाशीचे, बुटके, मान थोडी डावीकडे कललेली. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असत आणि त्यांतून बाहेर आलेले हात शरीराच्या मानानं दुसऱ्याच कुणाचे वाटत. मनगटं जाड, बोटं आखूड, अंगठ्याच्या बुडाशी लिंबाएवढा फुगवटा. असे हात तुम्ही सुताराचे पाहिले असतील, पहिलवानाचे पाहिले असतील. खिळे जुळवणाऱ्याचे सहसा नसतात.

आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, एवढं ते अभिमानानं सांगत. बायको लग्नानंतर दीड वर्षात गेली, हे मला छपाईयंत्र चालवणाऱ्या मशीनमननं सांगितलं. मालवा मिलच्या बाजूला एक खोली, मानपुरला एक बहीण. एवढाच संसार.

दुपारी चारला मालक स्वतः येऊन प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. शिशाच्या कामाला गूळ हवा, गूळ पोटातलं शिसं खाली नेतो, अशी साऱ्या छापखान्यांची श्रद्धा. काळ्या बोटांनी सगळे तो गूळ खात. मास्टरजी अर्धा खात आणि अर्धा खिशात टाकत. घरी जाताना टांग्याच्या अड्ड्यावर एक पांढरी घोडी उभी असे, तो अर्धा तिचा. मी एकदा विचारलं, "घोडीला कशाला?"

"ती वाट बघते ना," ते म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. दुपारच्या जेवणाच्या सुटीत सगळे डबे उघडून बसले की मास्टरजी मागच्या अंगणात जात. तिथे झिजलेल्या खिळ्यांच्या वितळवून केलेल्या लगडी रचलेल्या असत, फाउंड्रीत परत पाठवायच्या. मास्टरजींनी चार बोटं जाडीचा एक सागवानी ठोकळा घासून घासून काचेसारखा गुळगुळीत केला होता. त्याच्या खालच्या अंगाला कडी, कडीला दोरी, दोरीला लगडी. ठोकळ्याला ना मूठ, ना खाच. वरून नुसत्या चिमटीत धरायचा आणि सगळा भार जमिनीपासून वीतभर उचलायचा. दहापर्यंत मोजायचं. खाली ठेवायचं. एवढंच, दिवसातून एकदा.

ते छत्तीस शेर उचलत. मी ठोकळा धरून पाहिला तेव्हा सोळा शेरांवर तो माझ्या बोटांतून साबणासारखा निसटला. मशीनमन अस्सल माळवी, मोठ्या तोंडाचा. तो ओरडला, "अरे लेखकजी, ये कलम नहीं है!"

मास्टरजींना पुरा मण उचलायचा होता. चाळीस शेर. पण दोन वर्षं काटा छत्तीसावर अडकला होता. सदतिसावा शेर लावला की ठोकळा जमीन सोडायचा आणि दोन मोजेपर्यंत बोटांतून जायचा.  मग ते सदतिसावा शेर काढून ठेवत, हात पुसत आणि डबा उघडत.

त्याच सुमारास बाजारातून शेर गेले आणि किलो आले. मशीनमनला नवा विषय मिळाला. "मास्टरजी, मण तो बंद हो गया. सरकारने बंद कर दिया. अब क्या उठाओगे?"

"सरकारचा बंद झाला असेल," मास्टरजी म्हणाले. "माझा बाकी आहे."

मला यात एक लढा दिसत होता. मला तेव्हा सगळ्यातच लढा दिसे. एकदा मी म्हटलं, "मास्टरजी, आमच्या तालमीत चला की. तिथे उस्ताद आहेत, वजनं आहेत. एकट्यानं अंगणात काय करता?"

ते गुळगुळीत ठोकळा पुसत होते. "मी अठराचा होतो तेव्हा गेलो होतो तुमच्या तालमीत. दारातच विचारलं, कुणाचा? सांगितलं. मग आतली माती दारातूनच पाहिली."

"आता तसं नाही. मी स्वतः भांडलोय त्यासाठी."

"नसेल. बरं झालं," ते म्हणाले. "पण आता मला एकट्याची सवय झाली. कुणी बघायला लागलं की मोजणं चुकतं."

मण कशासाठी, हे मला त्यानंतर वर्षभरानं कळलं. पावसाची झड होती, वीज गेलेली, छापखान्यात आम्ही दोघंच. ते वापरलेले खिळे परत केसमधल्या, म्हणजे खणांच्या लाकडी खोक्यातल्या, आपापल्या घरांत टाकत होते. बोटं अंधारातही चुकत नव्हती. बोलता बोलता, ते ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या कंपोझिटरांचं त्यांनी सांगितलं.

"माझ्याहून दुप्पट वेगानं जुळवायचे. एक दिवस उजवा हात पडला त्यांचा. दुखलं नाही, खुपलं नाही. मनगटातून नुसता लोंबायला लागला, ओल्या फडक्यासारखा. शिसं उतरलं, म्हणाले लोक. मालकानं घरी बसवलं. म्हणजे हे नाही, ह्यांचे वडील." त्यांनी चिमटीतला खिळा चाचपला. "घरी कोण नव्हतं त्यांच्या. रोज सकाळी छापखान्यात येण्याआधी मी जाऊन त्यांच्या शर्टाची बटणं लावायचो. सहा वर्षं. मग ते गेले."

त्यांनी पुढचा खिळा उचलला.

"माझी बटणं लावायला कोण येणार, भिया? म्हणून ठरवलं. हात रोज मोजायचा. वजन वाढतंय तोवर हात माझा. कमी झालं की समजायचं, आलं. आणि मण उचलला की..." त्यांनी एक खिळा घरात टाकला. "की मग जरा झोप लागेल."

दोन वर्षं छत्तीसावर अडकलेला तो काटा आता मला वेगळाच दिसायला लागला.

घरी जाऊन मी रात्रीत पत्रक लिहिलं. छापखान्यांतलं शिसं, हवा जायला नसलेल्या खिडक्या, हात धुवायला नळ नाही, साबण नाही आणि त्या सगळ्यावर उपाय म्हणून गुळाचा खडा. शेवटी एक परिच्छेद होता. नाव न घेता, पण एका कंपोझिटराचे हात, त्याची रोजची दुपार, त्याचं भय. तो परिच्छेद मी तीनदा वाचला. इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्टरजींनी कागद चिमटीत तोलले. या खेपेला "हलकं आहे" म्हणाले नाहीत. प्रूफ आलं तेव्हा सगळं होतं, शेवटचा परिच्छेद नव्हता.

"मास्टरजी, हे काय?"

"जागा पुरली नाही."

"खाली चार बोटं कोरी सोडलीत! तीन ओळींची जागा आहे."

"तिथे नळ आणि साबण मोठ्या टाइपात टाकतो. लोकांना लांबून दिसेल."

"ही सेन्सॉरशिप आहे," मी ओरडलो. मशीनमननं मशीन थांबवून मान बाहेर काढली. "लोक मागण्यांनी पेटत नाहीत, माणसानं पेटतात. तुमची गोष्ट वाचून पेटतील."

त्यांनी शांतपणे माझा कागद परत दिला. तो परिच्छेद वर दिसेल असा घडी घातलेला. "परचेवाले, माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट आहे," ते म्हणाले. "ती भिंतीवर चिकटवू नका."

पत्रक तसंच निघालं. खाली मोठ्या टाइपात नळ आणि साबण.

त्या हिवाळ्यात काटा हलला. युक्ती त्यांची त्यांनीच काढली होती. छत्तिसावरून एकदम सदतीस होत नव्हतं, म्हणून मधली वजनं करायची. पावशेर, अर्धपाव, छटाक. छटाकभर वाढलेलं बोटांना कळत नाही, पण सोळा छटाकांचा शेर होतो. एवढी लहान लगड छापखान्यात नव्हती, म्हणून झाडून काढलेले मोडके खिळे ते मालकांना विचारून घरी नेत आणि स्वतः वितळवून ओतत.

एका रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. खाट, एक ट्रंक, खुंटीला दोन शर्ट. कोळशाच्या शेगडीवर लोखंडी कढई आणि तीत चंदेरी शिसं गदगदत होतं. खिडकी बंद. शेजारीण धुराची तक्रार करते म्हणून बंद. खोलीत एक गोडसर, जड वास होता.

"आलात? बरं झालं, हे धरा," म्हणत त्यांनी माझ्या हातात पळी दिली. मातीच्या पणत्यांचे साचे केले होते त्यांनी. मी पळीनं ओतत होतो, ते गार झालेल्या चकत्या काढून तराजूत तोलत होते. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोन तास आम्ही तसे बसलो होतो. निघताना माझं डोकं दुखत होतं. शिशाविरुद्ध पत्रक लिहिणारा मी, त्या बंद खिडकीखाली बसून शिसं ओतून आलो आणि खिडकी उघडा एवढंही म्हटलं नाही. याबद्दल मला इतर कुणापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

चकत्या चढत गेल्या. सदतीस झाले, मग अडतीस. एकोणचाळीसला तीन आठवडे गेले. या काळात मास्टरजी बारीक झाले, पोट दुखतं म्हणत, डबा अर्धा परत नेत. आम्हाला वाटलं, मेहनत जास्त होतेय. मालकांनी गुळाचा खडा दुप्पट केला. घोडीचं त्यात भलं झालं.

तो दिवस शनिवार होता. मशीनमन भाचीच्या लग्नाला उज्जैनला गेलेला. बाकीचे आत जेवत होते. मास्टरजींनी मला बघितलं. जा म्हणतील असं वाटलं, पण म्हणाले, "थांबा. पण मोजू नका. मोजायचं मी."

दोरीला पुरा मण लावला. तळहाताला राख चोळली. पाय फाकवले, वाकले, चिमूट ठोकळ्यावर बसवली. ती बसवायलाच त्यांना बराच वेळ लागला. डाव्या हातानं त्यांनी उजव्याची बोटं एकेक करून लाकडाच्या कडेला नीट लावली. मग श्वास घेतला.

लगडींचा ढीग जमिनीवरून उठला. वीतभर. दोरी कुरकुरली. ते मोजत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांच्या मानेवरची शीर मी बघत होतो. पाच झाले असतील, सात झाले असतील. दहा झाल्यावरही त्यांनी ठेवला नाही, आणखी तीनदा ओठ हलले. मग इतक्या हळू खाली टेकवला, जसं कुणी झोपलेलं मूल ठेवावं.

मी ओरडलोच, "मण! मास्टरजी, मण!"

ते वाकलेलेच होते. "सोडत नाहीत," ते म्हणाले आणि हसले. बोटं ठोकळ्यावर तशीच मिटलेली. त्यांनी डाव्या हातानं ती उकलली. "ऐकत नाहीत आता. एवढी खूश झालीत."

मीही हसलो.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मास्टरजींनी दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या गोष्टीनंतर माणूस कुणाला तरी हाक मारतो. त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या, पुन्हा वर दुमडल्या. "चला, जेवू," ते म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना ओढत सराफ्यात नेलं. सोनारांची दुकानं बंद होत होती, खाण्याच्या गाड्या लागत होत्या. भुट्ट्याचा कीस घेतला. गाडीवाला ओळखीचा होता. "क्या बात है मास्टरजी, आज इधर? कुछ खास?"

मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "खास काय, रोजचंच."

पानाचा दोना ठेल्याच्या कडेवर ठेवून, त्यावर वाकून ते खात होते. चमचा तोंडाकडे नेण्याऐवजी तोंड चमच्याकडे. मी ते बघितलं. थकले असतील, असं मनाशी म्हटलं आणि दुसरा दोना मागवला.

महिनाभरात त्यांच्या प्रूफात चुका यायला लागल्या. तीस वर्षांत न झालेल्या. घरात ठेवताना खिळे बाजूच्या घरात पडत. एकदा जुळवलेल्या ओळींचा अख्खा ट्रे, गॅली, हातातून सांडली आणि खिळ्यांचा खच पडला. तरी दुपारी अंगणाचं दार लोटून घेऊन ते मण उचलत. "बघा," मला म्हणत, "अजून उचलतोय. म्हणजे हात नाही. डोळे असतील."

मीच त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आपली दोन बोटं मास्टरजींच्या मुठीत दिली. "दबाइए."

मास्टरजींनी दाबली. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "बस, बस! क्या करते हो भाई तुम?"

मास्टरजींनी माझ्याकडे विजयानं पाहिलं.

"अब हाथ टेबल पर रखिए. पंजा किनारे से बाहर. हां. अब पंजा ऊपर उठाइए."

मास्टरजींनी हाताकडे पाहिलं. पंजा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. ते उचलत होते, हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. दोन बोटं थरथरली. पंजा तिथेच.

डॉक्टरांनी नंतर मला नीट समजावलं. शिसं आधी पंजा वर उचलणाऱ्या आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंवर उतरतं. आवळणारे स्नायू बराच काळ टिकतात. आवळण्याची ताकद वाढवता येते, ती वाढलीही होती. पण ती मोजून उघडण्याच्या ताकदीचं काहीच कळत नाही.

मास्टरजी दारापाशी उभे राहून सगळं ऐकत होते. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं मोजलं," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. प्रूफातली चूक दाखवल्यावर म्हणत तसंच म्हणाले.

डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. शिशापासून लांब गेलात तर कदाचित हात परत येईल, कदाचित नाही. निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांना पाच शेरांची गुळाची अख्खी भेली दिली. मालक रडले, खरंच रडले. त्या माणसाला दुष्ट म्हणून मी कितीदा लिहायला बसलो आणि उठलो. भेली काखेत धरून मास्टरजी टांग्याच्या अड्ड्यापर्यंत चालत गेले.

मी पेटलेला होतो. आता नावानिशी लिहितो, म्हटलं. त्यांनी मान हलवली. म्हणून लिहिलं नाही. आज ते नाहीत, तरी इथेही नाव घातलेलं नाही.

मानपुरला बहिणीकडे गेल्यावर सहा महिन्यांनी मी भेटायला गेलो. आग्रा-मुंबई रस्त्याला लागून घर, दिवसभर ट्रक. ते ओट्यावर बसले होते. शर्टाला बटणं नव्हती. बहिणीनं बंद लावून दिले होते, डाव्या हातानं ओढले की झालं. उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"माझ्या केसवर कोण आहे?"

"नवा माणूस. तरुण आहे."

"हात धुतो?"

"नळ लागलाय, मास्टरजी. पावसाळ्याआधीच."

"साबण?"

"साबणही."

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "मण उचलला होता ना मी?"

"मी पाहिलाय."

"हो. तुम्ही एकट्यानंच." त्या हाताकडे बघत म्हणाले, "कधी कधी वाटतं, उगाच लपवलं मशीनमनपासून. त्यानं बघायला हवं होतं."

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं कार्ड आलं. चार ओळी, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या.

त्या भेटीच्या दिवशी ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले होते. बस आली. कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, "चलो महू, इंदौर, इंदौर!" मी हात पुढे केला. मास्टरजींनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, माझ्या हातात ठेवला आणि बोटं मिटली. पकड पूर्वीची नव्हती, पण होती.

"जा आता," ते म्हणाले.

मी थांबलो. मला हात ओढून घ्यायचा नव्हता. कंडक्टरनं बसचा पत्रा बडवला, "भिया, आना है कि नहीं?" मास्टरजींनी खाली मान घातली आणि डाव्या हातानं माझ्या हातावरचं आपलं एकेक बोट उचललं. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग उरलेली दोन. शेवटी अंगठा.

बस निघाली. मागच्या काचेतून मला ते रस्त्याच्या कडेला दिसत राहिले, डावा हात वर केलेले.